रुखवतातली लोखंडी पेटी

...नाही नाही, चुकून नाही राहिली ती तिथे, मुद्दाम ठेवलीय, रुखवतातच आहे ती! तिकडे क्रोशाचे रुमाल, मधे साखरेचं तुळशीवृंदावन, पलीकडे भोपळ्याच्या बियांचा मोर, आणि मोराच्या शेपटीला खेटून ही लोखंडी पेटी, हिरवा रंग, वर लाल अक्षरांत 'आपत्ती'... हसा, हसा तुम्ही, सगळा मांडव सकाळपासून हसतोय, मघाशी एका बाईने तिला हळदकुंकू लावलं हो! पण एक करा, हसताना पेटीला हात लावायचा नाही. हात लावायचा नाही म्हणजे नाही.

बसा ना. नवरदेव अजून मारुतीपाशीच आहे. म्हणजे तो बिचारा घोड्यावर बसलाय, नाचतायत बाकीचे, बँड ऐकू येतोय ना, तो जवळही येत नाही आणि लांबही जात नाही, गोरज मुहूर्त काही मिळत नाही आज. तोवर सांगतो. मुलीचा बाप आहे, पण मला काम कोणी दिलेलं नाही. कुंदाबाईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, सकाळीच सांगितलं, 'तुम्ही रुखवतापाशी बसा आणि काही सुचवू नका.' म्हणून बसलोय... एक मिनिट, वारा सुटलाय का हो? कनात हलली मघाशी. नाही? माझं चुकत असेल. पुष्कळदा चुकतं.

तर तुम्हाला सांगतो, मी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. जळगावातले निम्मे वकील माझ्या हाताखालून गेले, बाकीचे निम्मे नापास होऊन पुढाऱ्यांकडे गेले. पण स्वतःच्या घरात एक गोष्ट सिद्ध करता आली असेल तर शपथ! किल्लारीला भूकंप झाला ना, त्या सकाळपासून मला झोप नाही. पेपरात ते फोटो. माणसं गणपती बोळवून येऊन झोपली होती हो. मी कुंदाला म्हटलं, आपल्याकडे काय तयारी आहे? ती म्हणाली, कशाची? आता बघा, ज्या घरात 'कशाची' असा प्रश्न येतो त्या घराचं काय व्हायचं! भूकंप आहे, तापीचा पूर आहे, आग आहे, वैशाखातलं वादळ आहे, विंचू आहे. ती म्हणाली, विंचवाला चप्पल आहे.

मग मीच बाजारात गेलो आणि ही पेटी आणली. आत काय नाही ते विचारा. बॅटरी, मेणबत्त्या, काडेपेटी प्लास्टिकात गुंडाळून, सुती दोर, पट्ट्या, आयोडीन, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेच्या पुड्या, शिट्टी, पाण्याचा कॅन, आणि माझ्या जुन्या चष्म्याची जोडी, कारण इमारत पडताना चष्मा पहिला फुटतो, असा आपला माझा अंदाज. अंदाजच, अनुभव नाही. आणि घरात नियम केला, खरी आपत्ती येईपर्यंत पेटीला हात लावायचा नाही.

झालं! त्या दिवसापासून घरात रोज आपत्ती! आधी कधी कुणाला दोर लागला नव्हता, आता वाळवणाला दोर हवा. आधी वर्षानुवर्षं कोणाचं बोट कापलं नव्हतं. शेजारचे कौतिकभाऊ, भला माणूस, तो आला, म्हणे, 'नाना, तुमच्या पेटीत गूळ आहे असं ऐकलं, दुकान बंद आहे, पाहुणे आलेत.' म्हटलं, कौतिकभाऊ, पाहुणे ही आपत्ती नाही. म्हणाले, 'तुम्ही माझे पाहुणे बघितले नाहीत.'

एकदा संध्याकाळी दिवे गेले. लता, म्हणजे ही माझी मुलगी, आज जिचं लग्न आहे ती, शाळेत शिकवते, तिचे पेपर तपासायचे राहिलेले. म्हणाली, 'नाना, एक मेणबत्ती.' मी म्हटलं, बाळ, दिवे जाणं ही आपत्ती नाही, ही गैरसोय आहे. आपत्ती वेगळी, गैरसोय वेगळी. पोर उठली. अंगणात खुर्ची टाकून रस्त्यावरच्या उजेडाची वाट बघत बसली. वाईट वाटलं हो मला. पण एकदा नियम मोडला की तो नियम कसला? आतून कुंदाबाई म्हणाल्या, 'मग आपत्ती म्हणजे काय ते एकदा सांगून टाका, म्हणजे आम्ही त्या बेताने वागू.' मी विचार केला. चांगला आठवडाभर केला. आणि व्याख्या सांगितली, ज्या प्रसंगी माणसाला काय करावं हे सुचत नाही, तो प्रसंग म्हणजे आपत्ती. ती म्हणाली, 'अगबाई, मग ती तर तुमच्यावर रोज येते.'

...वारा आहे हो. ती वरची झालर बघा. बरं, असो.

पेटी झाली, पण भूकंप आलाय हे कळणार कसं? मला रात्री झोपेची गोळी लागते, गोळी घेतली की मला बँडनेही जाग येत नाही. म्हणून स्वैपाकघराच्या भिंतीवर, फळीवर, मी एक युक्ती केली. खाली पितळी परात, वर एक पेला उलटा, त्यावर एक सुलटा, त्यावर पुन्हा उलटा, आणि सगळ्यात वर तांब्या. जमीन जराही हलली की तांब्या परातीत, आणि पितळेचा आवाज असा की वैकुंठवासीसुद्धा उठून बसावा! आता आमचं घर रुळाच्या जवळ. म्हणून मी सगळ्या गाड्यांची परीक्षा घेतली. पॅसेंजर गेली, तांब्या जागेवर. मेल गेली, जागेवर. दीपनगरला जाणारी कोळशाची मालगाडी गेली, तांब्याने नुसतं अंग शहारल्यासारखं केलं, जागेवर! म्हणजे काय? म्हणजे आता परात वाजली तर तो भूकंपच.

आणि सराव घ्यायचो. दर रविवारी. मी तांब्या ढकलायचो, की कुंदाने गॅस बंद करायचा, मी मेन स्विच पाडायचा, आणि लताने एका हातात पेटी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने घरातलं जे सर्वांत वयस्कर, पायाने अधू माणूस असेल त्याला धरून अंगणातल्या निंबाखाली आणायचं. ते वयस्कर माणूस म्हणजे मी. कुंदा आणि मी तोंडाने पुटपुटायचो, पण लता, तुम्हाला सांगतो, एक शब्द न बोलता करायची. सुरुवातीला हसायची. मग हसायची पण बंद झाली आणि हात मात्र असा घट्ट धरायला लागली की माझ्या दंडावर सोमवारपर्यंत वळ.

हसायची बंद झाली, त्याचं कारण वेगळं होतं. स्थळं येत होती आणि जात होती. आमच्याकडे पद्धत तुम्हाला माहीत आहे, पाहुणे येतात, पोहे खातात, मुलीला नाव विचारतात, जणू नाव माहीत नसताना पत्ता शोधत आले, आणि घरी जाऊन 'कळवतो' म्हणतात. कोणी म्हणे मुलगी शिकलेली जास्त, कोणी म्हणे उंच जास्त. पारोळ्याचे एक गृहस्थ मध्यस्थाला म्हणाले, 'मुलगी छान आहे, पण बाप घाबरवतो.' आता मी काय घाबरवलं? एवढंच म्हटलं होतं, की तुम्ही जिच्याखाली बसलात ती तुळई जुनी आहे!

ते ऐकल्यावर कुंदाबाईंनी दोन दिवस माझं ताट माझ्यापुढे आदळलं. आणि मी... मी रात्री उठून त्या तुळईकडे बघत बसायचो. वाटायचं, भूकंप नाही, पूर नाही, या घरावर आलेली आपत्ती मीच तर नाही? पोरीचं लग्न राहिलं तर ते माझ्या जिभेमुळे. विचार करा. सगळ्यांना वाचवायची तयारी करतोय, आणि एकुलतं एक माणूस वाचवायचं तेच माझ्यामुळे बसून आहे. मी चुकत असेन. पण तसं वाटायचं.

मग हे साक्रीकडचं स्थळ आलं. मुलगा धनसिंग, नोकरी दीपनगरला, वीज केंद्रात, स्वभाव गरीब, वडील नाहीत, आई सुगंधाबाई, शेती बघते, चार मुलगे आणि दोन सुना तिच्या धाकात. लताने स्वतः मला सांगितलं, तिने फोटो पाहिला होता आणि तिला... म्हणजे ती म्हणाली, 'नाना, हे जमलं तर बरं.' एवढंच. एवढं ती कधी बोलली नव्हती. कुंदाबाईंनी मला देवासमोर उभं केलं. 'भूकंप हा शब्द नाही. पूर नाही. आग नाही. तुळई नाही. पाहुणे जाईपर्यंत तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही.' दिलं वचन. म्हटलं, पण तो तांब्या? म्हणाली, 'तांब्या राहू दे, तो बोलत नाही.'

आता साक्रीहून माणसं येणार, लांबचा प्रवास, नुसत्या पोह्यांवर कसं पाठवणार? खापरावरचे मांडे करायचे ठरलं. कुंदाची बहीण बेबाबाई, आमच्या सगळ्या गोतात मांड्यांना तिच्या हाताचं कोणी नाही, ती आदल्या दिवशीच आली. बाई म्हणजे असा देह की रिक्षावाला दोन सवाऱ्यांचे पैसे मागतो. मांड्यांची कणीक कशी करतात बघितलंय ना? मळून भागत नाही, आपटावी लागते. गोळा उचलायचा, डोक्यापर्यंत न्यायचा आणि दगडी पाट्यावर धाडकन आपटायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा आपटायचा, तेव्हा कुठे ती कणीक तशी लांबते, की पुरण भरून हातांवर फिरवली तर कोपरापर्यंत लोंबते आणि फाटत नाही. तर ती कणीक तिने सकाळीच आपटून ठेवली होती. मी त्या वेळी दाढीला गेलो होतो, लता देवळात. हे लक्षात ठेवा. मी गाड्यांची परीक्षा घेतली, बेबाबाईची घेतली नाही. आणि आपटून झाल्यावर, तांब्या परातीत आडवा पडलेला बघून, कुंदाने मला न सांगता तो पुन्हा वर ठेवून दिला.

पाहुणे पाच येणार होते. जीपमधून उतरायला लागले, उतरतच राहिले. सुगंधाबाई, चारही मुलगे, दोन्ही सुना, काका, मामा, मामांचे साडू. बेबाबाईने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, 'कुंदे, कणीक पुरायची नाही.' आणि मागच्या पडवीत दुसरी कणीक मळायला बसली.

इकडे बैठकीत मी. गप्प. हसतोय, मान हलवतोय, गप्प. मुलाचे मामा म्हणाले, 'यंदा पाऊसपाणी कसं राहील, प्राध्यापकसाहेब?' आता पाऊस म्हटलं की मागोमाग पूर येतो, म्हणून मी नुसता हसलो. ते म्हणाले, घर जुनं दिसतंय. मी हसलो. तुळईखालीच बसले होते! मी वर बघितलं, हसलो. त्यांना वाटलं असेल मुलीचा बाप जरा कमी आहे. पण तेही चालेल म्हटलं. लता पोहे घेऊन आली. पायरी बघून, पदर नीट, हळू. सुगंधाबाई भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेल्या, गुडघे गेलेले त्यांचे. त्यांनी विचारलं, नाव काय? लता तोंड उघडणार...

धप! मागच्या पडवीत. पडवीची आणि स्वैपाकघराची भिंत एकच. धप! तांब्या शहारला असणार. धप! आणि परात... तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतका स्पष्ट आवाज मी ऐकला नाही.

लताने पोह्यांचा ट्रे जमिनीवर ठेवला. टाकला नाही हो, ठेवला! कोपऱ्यातली पेटी उचलली. माझ्याकडे बघितलं, सुगंधाबाईंकडे बघितलं, एका क्षणात ठरवलं की सर्वांत अधू त्या आहेत, आणि त्यांच्या काखेत हात घालून ती साक्रीची विहीण उचलून उंबऱ्याबाहेर! कुंदाचा गॅस बंद. कोणीतरी ओरडलं, भूकंप! आणि मग काका, मामा, साडू, दोन सुना, सगळे एका दारातून... नवरदेव तर सगळ्यांच्या पुढे, हातात पोह्यांची बशी तशीच.

आणि मी? मी खुर्चीत. मेन स्विच पाडायचा सोडून! कारण दोन गोष्टी. एक, वचन दिलं होतं, बोलायचं नाही, तर भूकंप आहे की नाही हे मी सांगणार कसं? आणि दुसरं, माझ्या डोक्यात आलं, भूकंप झाला तर परात वाजेल, परात वाजली, म्हणून भूकंप झाला... अरे, हाच तर तो दोष! हाच दोष मी जन्मभर फळ्यावर लिहून दाखवला, की परात वाजायला दुसरं कारण असू शकतं! आणि अख्खं घर रिकामं झालेलं असताना, त्या शांततेत, मागून ऐकू येतंय... धप. धप. धप. बेबाबाईला काही ऐकू गेलंच नव्हतं. तिची कणीक चालू.

मी बाहेर आलो. निंबाखाली सगळी वरात अनवाणी उभी. शेजारपाजारचे कुंपणावर. कुंदा पदराने डोळे पुसत होती, तिच्याकडे बघवेना. लता ताठ उभी, पदर घसरलेला, केस सुटलेले, चेहरा पांढरा. तिलाही धप ऐकू आलं होतं. तिला कळलं होतं काय झालंय ते. मी तोंड उघडलं, म्हटलं, क्षमा करा, भूकंप नाही... मांडे आहेत.

कोणी हसलं नाही. मामा चप्पल शोधायला लागले. आता यापुढे 'कळवतो' हे सुद्धा कोणी म्हणणार नव्हतं.

सुगंधाबाई मात्र पेटीवर बसल्या होत्या. लतानेच बसवलं होतं, गुडघ्यांना जमीन झेपत नाही म्हणून. त्यांनी खाली बघितलं, बोटाने पेटी वाजवली आणि अहिराणीत विचारलं, 'पोरी, हाई पेटीमा काय शे?'

माझ्या ओठावर आलं होतं, हात लावायचा नाही! पण लताने त्यांना हलकेच उठवलं, पेटी उघडली आणि गुळाचा खडा, शेंगदाणे आणि पाणी त्यांच्या हातात दिलं. म्हातारीने सावकाश खाल्लं. मग आपल्या मुलांकडे वळून म्हणाली, आणि आवाज चढवला नाही हो तिने, 'मन्हा चार पोरे आठे बसेल व्हतात. बठ्ठा पळनात. मायले कोणी इचारं? हाई परकानी पोर, तिनी मले उचलं.' म्हणजे चारही पोरं पळाली, आईला कोणी विचारलं नाही. मग धनसिंगकडे बघितलं. 'आनि तू. तू ते पोह्यासनी बशी लई पळना.'

धनसिंगने बशी मागे लपवली. आणि लता हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. तो पण हसला. तेवढ्यात आतून बेबाबाई पिठाचे हात घेऊन आली आणि म्हणाली, 'पानं घ्यायची का? सगळे बाहेर काय करताय?'

म्हातारी म्हणाली, पोर पसंत आहे, हुंडा नको, मानपान नको. एकच मागणं. 'पेटी बी संगे देवानी.' आता काय, नाही म्हणू? म्हणून ती रुखवतात आहे. मोराशेजारी. दिली. मुलगी दिली आणि पेटी दिली. कुंदाबाई म्हणतात, एका दिवसात दोन्ही काळज्या गेल्या. गेल्या? फळीवर तो तांब्या आहे अजून. तो पडला तर आता मला उचलणार कोण? कुंदा म्हणते, मी आहे ना. तिचं वजन माझ्या निम्मं. तिला बेबाबाईला बोलवावं लागेल... असो. डोळ्यात धूळ गेली. वारा आहे, मी मघापासून सांगतोय वारा आहे!

ती बघा, झालर गेली! धरा, तो खांब धरा कोणीतरी, नवरदेव आला दाराशी आणि... गेले. दिवे गेले. मंडपवाल्याची वायर तुटली असणार. बघा, जावई वीज केंद्रातला आणि मांडवात अंधार! घाबरू नका, कोणी हलू नका, ही वेळ यायचीच होती, मी याचसाठी तर... बॅटरी आहे! पेटीत बॅटरी आहे, मेणबत्त्या आहेत, काडेपेटी प्लास्टिकात आहे, सरका जरा, मला वाट द्या, हा मोर, हे वृंदावन, ही पेटी... कोण बसलंय पेटीवर? विहीणबाई? वरातीतून कधी आत आलात? अहो, जरा उठता का, दिवे गेलेत.

काय म्हणालात?

ऐकलंत मंडळी? ऐकलंत काय म्हणाल्या ते? 'व्याही, पेटीले हात लावाना नही. दिवा गया, हाई गैरसोय शे. आपत्ती न्यारी, गैरसोय न्यारी.' ...हे यांना कोणी शिकवलं? लताने. तरी म्हटलं, अंधारात बोहल्याकडून ती हसतेय कशाला!

बरोबर आहे. नियम म्हणजे नियम. पेटी त्यांची आहे आता...

काय हो, तुमच्यापैकी कोणाच्या खिशात काडेपेटी आहे का?